कोणाच्या हातून

मेलेल्या माणसानं भर दुपारी, भर बाजारात हसावं, आणि तेही कॉम्प्युटरच्या दुकानातून! आता बोला. दुसरी कोणी असती तर पदर सावरत पळत सुटली असती. जया पळाली नाही, कारण पळायला पाय हलावे लागतात आणि तिचे पाय त्या क्षणी तिचे राहिलेच नव्हते. एप्रिल महिना होता. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय ते चंद्रपुरात राहिलेल्यालाच कळतं. इथं सावलीलाही चटका असतो. जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला एका साडीच्या दुकानाच्या दाराशी तिचं फॉल-पिकोचं मशीन होतं. सकाळी एका बाईनं चिंतामणी रंगाची साडी टाकली होती, आणि चिंतामणी हा महाखट्याळ रंग. उन्हात निळा, दुकानात हिरवा आणि नेसल्यावर तिसराच. म्हणून ती स्वतःच रीळ आणायला निघाली होती. रीळ मुठीत होतं, डोक्यात तो रंग सोडून दुसरं काही नव्हतं, आणि कानावर हसू आलं. बेंबीच्या देठापासून उचललेलं, मधे एकदा श्वासाला थांबलेलं, आणि आता संपलं असं वाटत असताना नाकातून हळूच सुटलेलं. ते नाकातलं शेवटचं तिच्या बापाचंच. साऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत राक्षस करणाऱ्या दुसऱ्या कोणाला ते जमलं नव्हतं. आणि बापाला, शालिकरामला, जाऊन दोन हिवाळे उलटले होते.

ऊन लागलं आपल्याला, तिला वाटलं. सकाळी घाईत कांदा खाल्ला नाही, त्याचं हे फळ. तिनं भिंतीला हात टेकला, भिंत तव्यासारखी, हात मागे घेतला. एक ऑटो तिच्या अंगावर हॉर्न वाजवत गेला आणि तिला जरा बरं वाटलं, कारण हॉर्न खरा होता. मग पुन्हा ते हसू आलं. अगदी तसंच. तिथंच श्वास, तिथंच नाक. जिवंत माणूस दोनदा सारखं हसत नाही, एवढं तिला त्या गोंधळातही कळलं, आणि काळजात जे लक्कन हललं होतं ते तिथंच खाली बसलं. म्हणजे बाबा नाही. बाबाचा आवाज. तरी काय झालं? दोन वर्षांत तिला तेवढंही मिळालं नव्हतं. घरात शालिकरामचे फोटो होते, कागदी मुकुट होता, काजळाची डबी होती, आवाज नव्हता. रात्र रात्र हजारो लोकांना ज्यानं आवाजानं हलवलं, त्याचा आवाज घरात कुठंच नव्हता, आणि ही गोष्ट तो गेल्यानंतर तिच्या ध्यानात आली. काळी काच लोटून ती आत शिरली.

आत कूलरचा वाळ्याचा वास आणि त्याच्याखाली तापलेल्या यंत्रांचा वास. दुकानदार विनोद तिच्या ओळखीचा. त्याच्या बायकोच्या साड्या जयाच्याच मशीनवरून जायच्या. तो खुर्चीवर मांडी घालून एकटाच बसला होता. दुपारची वीज नुकतीच आली होती. साऱ्या महाराष्ट्राला उजेड पुरवणारं हे गाव, आणि वीज जाते ती पहिल्यांदा इथलीच; पण ते दुखणं आता जुनं झालं.

"काय वो ताई, इकडं कुठी?"

"हे आता कोन हसलं जी?"

"हे होय? काई नाई, गेम हाय. लाइन आली म्हनून स्पीकर चेक करून राह्यलो. याचा आवाज लई मोठा, म्हनून हाच लावतो. नाईतर कोनी हात नाई लावत त्याले. एकदम बकवास."

"पुन्हा लावा न जरा," जया म्हणाली. विनोदनं तिच्याकडे पाहिलं. फॉल-पिकोवाली बाई, घामानं चिंब, मुठीत दोऱ्याचं रीळ, आणि गेम लावा म्हणते. पण चंद्रपूरच्या उन्हात माणसाला कशाचंच फार आश्चर्य वाटत नाही. त्यानं दुसरी खुर्ची ओढून दिली.

गेमचं नाव 'दैत्य सिटी'. पडद्यावर एक शहर होतं, पूल, गाड्या, काचेच्या उंच इमारती, आणि रस्त्याखालून पुराणातले राक्षस वर येत होते. निळे, हिरवे, लाल. आणि त्यांना मारायला एक काळ्या चष्म्याचा हिरो, हातात बंदूक. विनोद उत्साहानं शिव्या घालू लागला. एखाद्या गोष्टीवर फार आशा ठेवलेला माणूसच अशा शिव्या घालतो. आपल्या मराठी पोरांनी बनवला म्हणून नागपूरहून मुद्दाम मागवला होता म्हणे. वाटलं होतं, राक्षस म्हणजे राक्षस दिसन, मायावी, रूप बदलन, आकाशात जाईन. "आन् पाहा हे ध्यान. दहा राक्षस, दहाही सारखेच. निरा रंग तेवढा बदलला. आवाजही एकच. हा पाहा, भिंतीत घुसला आन् अटकला. तो तिकडं बसमधून आरपार चालला. काऊन आले, काय पायजे त्याइले, कोनाले ठाऊक! एक गोळी मारली का खतम." जया ऐकत होती आणि ऐकत नव्हती. दहाही राक्षसांचा आवाज एकच, एवढं एक वाक्य तिच्या आत शिरलं आणि तिथं गोड लागलं. म्हणजे दहाही बाबाच.

पण तोंडं त्याची नव्हती. तिनं पडद्याजवळ जाऊन पाहिलं. शिंगं होती, दंडावर बेटकुळ्या होत्या, पोटावर फळीसारखे चौकोन. शालिकरामचं पोट सुटलेलं होतं, आणि ते झाकायला तो कमरेला जरीचा शेला तीनदा गुंडाळायचा. उन्हाळाभर तळ्यात जाळं टाकणारा, मासे विकणारा, चिखलानं पोटऱ्या भरलेला हा माणूस दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे आणि रात्रभरच्या नाटकांचे, दिवस आले की नाटक कंपन्यांच्या वडशाला जायचा आणि राक्षस व्हायचा. चेहऱ्याला सफेदा, त्यावर काजळ, दात म्हणून मक्याचे दाणे चिकटवलेली पट्टी. तो रंगमंचावर यायच्या आधी त्याचं हसू यायचं. पडद्यामागून. ऑर्गनवाला हात उचलायचा, पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुढं बसलेली पोरं आयांच्या कुशीत शिरायची, आणि जया, त्याच्याच घरची पोर, ती सुद्धा घाबरायची. भीती वाटते आणि अभिमानही वाटतो, हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे ती फार लहानपणी शिकली. शाळेत पोरी चिडवायच्या, राकेसाची पोट्टी. ती चिडायची, रडायची, आणि घरी येऊन बापाला म्हणायची, एकदा तरी राजा बना न. शालिकराम नाकातून हसायचा. "राजाले काय करा लागते व? खुर्चीवर बसा लागते. राकेसाले मराव लागते. मरन सोपं नाई."

आणि खरंच, झाडीत राक्षसाचं मरण म्हणजे खेळाचा कळस. लोक त्यासाठी थांबायचे, थंडीत कुडकुडत, घोंगड्या पांघरून. मरणात शालिकरामचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा एकच हिशोब असायचा: कोणाच्या हातून मरायचं? भीमाच्या हातून मरायचं तर हाडं मोडत, शिव्या देत मरायचं. देवीच्या हातून मरायचं तर शेवटी हात जोडायचे, कारण तिथं मरण म्हणजे सुटका. कृष्णाच्या हातून मरणारा मरता मरता हसतो. मारणारा कळल्याशिवाय मरता येत नाही, असं तो म्हणायचा. मग काळ पालटला. कंपन्यांना प्रेमाची नाटकं हवी झाली, नाचणाऱ्या पोरी हव्या झाल्या, खलनायक सफारी घालू लागला. शालिकरामला वर्षातून दोन-चार प्रयोग, मग एखादा, मग तोही नाही. तो हिवाळ्यातही तळ्यावर जाऊ लागला. थंड पाण्यात उभं राहून त्याची छाती भरून येऊ लागली, आणि देवकाबाई, त्याची बायको, जयाची माय, राईचं तेल चोळू लागली.

अशात गेम बनवणारी पुण्याची दोन पोरं आली. मंडईत कोणीतरी सांगितलं असेल, जुना राक्षस बघायचा तर शालिकरामकडे जा. त्यांनी अंगणात त्याचं हसू ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्याला पुण्याला घेऊन गेली. त्या आठवड्यात शालिकरामची मान काय ताठ झाली होती! सगळ्या वडशाला सांगून झालं, मी कॉम्पुटरमधी चाललो. परत आला तो मात्र गप्प. जया तेव्हा माहेरी गेली होती. दोन दिवसांनी तळ्याच्या काठावर जाळं उकलता उकलता बोलला. काचेची खोली होती म्हणे. पेटी नाही, तबला नाही, समोर माणूस नाही. काचेपलीकडे एक पोरगा कानाला डबे लावून चिप्स खात बसलेला. "हसू घेतलं, तवा लई खूश झाले. मंग म्हन्ते, काका, आता मरा. मी इचारलं, कोनाच्या हातून? तं एकमेकाइकडं पाह्यले लागले. म्हन्ते, कोनाच्याही हातून मरा, गोळी लागली समजा. आता बाई, गोळीनं मराले मले कोन शिकवलं? आपल्याकडच्या जंगलात मरतेत लोकं गोळीनं, पन ते तं काई बोलत नाई म्हन्ते. बोलाले टाइमच नसते." मग त्यानं काय केलं? एकदा तळ्यात काटेरी माशानं त्याच्या तळपायात काटा घातला होता, पाय काळानिळा पडला होता, सारा गाव धावला होता. तेव्हाचं ओरडणं त्याला आठवलं. तेच दिलं. सोंग नाही, खरंच दिलं. त्या पोरांनी पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. दिवसभर काचेआड तो माणूस तेच दुखणं पुन्हा पुन्हा काढून देत राहिला.

"पाहाचं का, कसा मरते?" विनोदनं विचारलं, आणि जया हो-नाही म्हणायच्या आत त्यानं गोळी घातली.

तो आवाज दुकानात फुटला. जयानं डोळे मिटले. हा तो तळ्यावरचा.  हिरवा राक्षस डोक्यावर पडला, अर्धा रस्त्यात बुडाला. पुन्हा शांत. आणि मग, सगळं संपल्यावर, अगदी बारीक, मऊ, घरातल्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "ओ."

विनोद मांडीवर थाप मारून हसला. "आयकलं? मेल्यावर ओ म्हन्ते! दहाही राक्षस मेल्यावर ओ म्हन्तेत. काई अक्कल हाय का बनवनाऱ्याले? पोट्टे लई हसत. पयले आठ दिवस तं याच्यासाठीच खेळत होते."

जया हसली नाही. ती रडलीही नाही. तिच्या अंगावर काटा आला, त्या उन्हात, त्या घामात, मानेपासून मनगटापर्यंत. ती ओ कोणासाठी होती ते साऱ्या जगात फक्त तिला आणि तिच्या मायला ठाऊक होतं. शालिकरामच्या मंडळीत रीत होती: जो रंगमंचावर मेला, त्याला पडद्यामागं आल्या आल्या घरच्या माणसानं त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची. त्यानं ओ द्यायची. ओ दिली की तो जिवंत. मग त्यानं तोंड धुवावं, चहा प्यावा, विडी ओढावी. त्याआधी तो कोणाशी बोलायचा नाही, कोणी त्याला शिवायचं नाही. बाकीच्यांच्या भावा-पुतण्यांनी हाका मारायच्या. शालिकरामला भाऊ नव्हता. देवकाबाई हाक कशी मारणार? नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही. मग ते काम पोरीकडे आलं. पाच वर्षांची असल्यापासून जया पडद्यामागं गोधडीत गुंडाळून बसलेली असायची. झोपेनं डोळे जड, पायाला मुंग्या. बाप मरून आत आला की उठून उभी राहायची आणि साऱ्या ताकदीनं ओरडायची, "शालिकराम!" एरवी बापाचं नाव तोंडातून निघालं असतं तर मायनं मुस्काट फोडलं असतं. तिथं मात्र नाव घ्यायचंच. आणि तो एवढा मोठा राक्षस, काळा, घामानं निथळणारा, वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणून हळूच म्हणायचा, "ओ." बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हळू. फक्त तिला.

पुण्याच्या काचेच्या खोलीत हाक मारायला कोण होतं? कोणीच नाही. तळ्याच्या काठावर तो सांगत होता ते जयाला आता शब्दन्‌शब्द आठवलं. दर मरणानंतर तो डोळे मिटून थांबायचा आणि ओ म्हणायचा. पोरं वैतागली. "म्हन्ते, काका, शेवटी ते ओ नोका म्हनू, रेकॉर्डिंग खराब होते. मी म्हटलं, ओ नोको म्हनू तं मंग का मरूनच राहू? तुमच्या पुन्यात?" त्यानं सोडलं नाही. मग ती पोरं म्हणाली असतील, म्हणू दे म्हाताऱ्याला, कापू नंतर. आणि कापायला विसरली. किंवा त्यांना तो कण्हण्याचा भाग वाटला. सारा गेम कापून-जोडून बनवला, त्यात कापायचं तेवढं राहून गेलं, आणि ज्याला सगळे हसतात ती चूक म्हणजे तिच्या बापाचं जिवंत असणं होतं. तिला विनोदचा राग आला नाही. तिला त्या पुण्याच्या पोरांचे पाय धरावेसे वाटले.

पुन्हा, ती म्हणाली. विनोदनं लावलं. पुन्हा. राक्षसाला नुसतं उभं ठेवलं तर तो बोलेल का, असं तिनं विचारलं. विनोदनं हिरोला थांबवून दाखवलं. राक्षस भिंतीशी तोंड करून जागच्या जागी पाय हलवत राहिला, मुका. हसू पाहिजे तर नवा राक्षस वर यायची वाट पाहा, आणि ओ पाहिजे तर मारा. तिसरा रस्ता नाही. तेवढ्यात दुकानाच्या दाराशी कोणी नेटवर निकाल पाहायला आलं आणि विनोद उठून पलीकडच्या मशीनवर गेला. जाता जाता त्यानं माउस, तो शेपटीवाला उंदीर, तिच्या हातात दिला. हे असं फिरवा, हे असं दाबा. जयाचा हात मशीनवर बसलेला हात. सुईखालून काठ सरळ नेणाऱ्या हाताला एक बटण दाबायला कितीसा वेळ! पहिल्यांदा दाबताना तिनं मान वळवली. दुसऱ्यांदा दात आवळले. मग लाल मारला, निळा मारला, पुलाखालचा मारला, बसमध्ये अडकलेला मारला. आणि हळूहळू एक गोष्ट झाली, जी तिला तेव्हा कळली नाही. ते ओरडणं तिला ऐकू येईनासं झालं. ते येत होतं, फुटत होतं, पण ती त्याच्यापलीकडे कान लावून बसली होती. दाराबाहेर उभं राहिलेलं माणूस दार वाजण्याचा आवाज ऐकत नाही, आतून कोणी येतं का ते ऐकतं. ओ. पुन्हा ओ. ती मनातल्या मनात नाव घेत होती आणि तो दर वेळी, न चुकता, ओ देत होता.

खरा मेला तेव्हा त्यानं ओ दिली नव्हती, कारण कोणी हाक मारली नव्हती. पौष महिन्याची सकाळ होती, घरात देवकाबाई एकटी. छातीत कळ आली, तो खाटेवर आडवा झाला, बायकोकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. जया चंद्रपुरात, साडीला फॉल लावत. ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमलेली आणि माय कोपऱ्यात, तोंडात पदर कोंबून. रडत नव्हती. तोंडातून काही निघेल म्हणून कोंबलेला. रात्री तिनं जयाला सांगितलं: तो माझ्याकडं पाहत होता. हाकेची वाट पाहत होता. मला कळत होतं. नाव ओठावर आलं आणि तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं न घेतलेलं नाव, व पोरी, ते असं एकदम निघत नाही. बायांनी समजूत घातली, देवकाबाई, ते काय नाटक होतं का, हाक मारून मेलेला माणूस उठतो का? मायला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. फोनवर काहीही बोलणं होवो, पाऊस, तांदूळ, शेजारची गाय, शेवटी एकच: मी तोंड उघडाले पायजे होतं व जया. जेवण कमी झालं. रात्री उठून बसायची. शेजारच्या सुकलूची बायको सांगायची, तुमची माय खाटेजवळ उभी राहते आणि ओठ हलवते, आवाज नाही येत. जया दर वेळी नवीन काहीतरी समजवायची, आणि दर वेळी फोन ठेवताना तिला कळायचं की आपल्या शब्दांत काही दम नाही. मायला शब्द नको होते. मायला ओ पाहिजे होती.

आणि ती ओ आता इथं होती. जयाच्या डोळ्यांसमोर एकदम सगळं लख्ख झालं. आणि हे दुःख नाही, आनंद आहे, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना. किती दिवसांनी आनंद! तिनं पिशवीतून मोबाइल काढला. मायलाही तिनंच एक घेऊन दिला होता; हिरवं बटण दाबायचं एवढंच मायला येत होतं. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. माय अंगणात असेल. मग खरखर झाली.

"हालो! जया व? अशा दुपारी काऊन फोन केली? बरी हायेस न?"

"बरी हावो माय. आयक. बस खाली. बसली?"

"बसली. काय झालं सांग न."

"माय, बाबाचा आवाज सापडला."

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला, दूरचा.

"कुठी?" माय म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"इथी, चंद्रपुरात. ते पुन्याले गेले होते न, त्या कॉम्पुटरमधी. माय, ते ओ देते व. म्याच हाक मारली मनात, अन् त्याइनं ओ देली. दर वेळा देते. तू आयकच. कान लाव. शेवटपरेंत कान काढू नोको, शेवटी हाय ते."

"थांब," माय म्हणाली. "थांब, डोक्यावर पदर घेतो." नवऱ्यासमोर जायचं होतं. जया थांबली. खरखर झाली, बांगड्या वाजल्या. "हं. लाव."

जयानं मोबाइल स्पीकरच्या जाळीला टेकवला, इतका की जाळीची थरथर तिच्या बोटांना लागली. उजव्या हातानं हिरो फिरवला. एक निळा राक्षस भिंतीजवळ उभा होता, पाय हलवत, पाठ करून. तिनं नेम धरला. ओरडण्याबद्दल मायला सांगायचं तिला सुचलंच नाही. तिला ते आठवलंच नाही. तिच्यासाठी ते केव्हाच संपलं होतं. तिनं मनात म्हटलं, शालिकराम, आणि बोट दाबलं.

तळ्यावरचं ते ओरडणं फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ मोबाइलमधून दुसरं. जयानं दचकून तो कानाला लावला.

"अगे माय वो! कोन मारून राह्यलं व त्याइले? कोन हाय तिथी? सोडा न बाप्पा, म्हातारा मानूस हाय! सोडा! जया, तू तिथीच हायेस न? सोडव न व त्याइले!"

त्या आरोळीखाली दुकानात ओ आली आणि गेली. मऊ, बारीक, फक्त तिच्यासाठी. मायला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं, माय स्वतःच ओरडत होती. काटा लागला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन तळ्यातून बाहेर काढणारी तीच होती. ते ओरडणं तिनं सोंगात कसं ऐकावं? जयानं उंदीर सोडून दिला, जणू तो तापला होता. पलीकडे माय अजून विनवत होती, कोणाकोणाला, देवाला, पुण्याच्या माणसांना. विनोद पलीकडच्या मशीनवरून मान उंचावून पाहत होता. जयानं त्याच्याकडे पाठ केली.

"माय. माय, चूप व. कोनी नाई मारत."

"मले आयकू आलं न! मी का बहिरी हावो? त्याइले दुखून राह्यलं!"

"पुन्हा आयकवतो, माय. शेवटी ओ हाय. तेवढंच आयकजो."

"नोको!" माय किंचाळली. "पुन्हा नोको मारू त्याइले!"

 कूलरचं पाणी टपकत होतं. पडद्यावर काळ्या चष्म्याचा हिरो बंदूक घेऊन तिच्या बोटाची वाट पाहत उभा होता, आणि त्याच्यासमोर रस्त्यातून आणखी एक राक्षस वर येत होता. येता येता तो नाकातून हसला.

"माय, कोनी कोनाले मारत नाई," ती म्हणाली. "खेळ हाय हा. पोट्ट्याइचा खेळ. खोटा."

मायचं विनवणं थांबलं. 

"खेळ हाय?"

"हौ."

"खोटा?"

"हौ, माय."

"मंग तू काऊन रडून राह्यली?" देवकाबाईनं विचारलं.